परक्या पागेतली बिनपगारी चाकरी

काका : परदेशातल्या घोड्यांच्या रँचवर स्वयंसेवक म्हणून जायचं, तर तिकीट तुझं, विमा तुझा, जागा शोधून देणाऱ्या संकेतस्थळाची वर्गणीही तुझी. आणि एवढं करून पोचल्यावर पहाटे उठून लीद उचलायची, ती दुसऱ्याच्या घोड्यांची. बदल्यात एक खोली आणि जेवण. माझा पहिला आक्षेप घोड्याबद्दल नाही, मजुरीबद्दल आहे. आपण लालबागचे. तुझे आजोबा गिरणीत लागले ते बदली कामगार म्हणून. पाळीच्या आधी गेटावर जाऊन उभं राहायचं, कायम कामगारांपैकी कुणी आलं नाही तर आत बोलावणं यायचं, नाहीतर तसंच घरी परत. कामाला दाम मिळावा, तो ठरलेला असावा, आजारपणात तुटू नये, एवढ्यासाठी या वस्तीनं किती लढे दिले. १८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या संपात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले आणि त्यातल्या कितीतरी जणांना गिरणीचा दरवाजा पुन्हा दिसला नाही. त्या घरातली शिकलेली मुलगी बिनपगारी कामाला ‘अनुभव’ म्हणू लागली की मला धडकी भरते. फुकट राबणारा मिळायला लागला की पगारावर राबणाऱ्याचा भाव पडतो. गेटाबाहेर जितकी माणसं जास्त उभी, तितका आतल्या माणसाचा आवाज कमी. हे आम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही.

पुतणी : काका, आजोबांच्या पगाराची गोष्ट तुम्ही नेहमी सांगता, आजीच्या कामाची सांगत नाही. आजी खाणावळ चालवायची. कोकणातून, घाटावरून एकटे आलेले गिरणी कामगार तिच्याकडे दोन वेळा जेवायचे, महिन्याला पैसे द्यायचे. त्याच चुलीवर, त्याच तव्यावर ती तुम्हा भावंडांच्या भाकऱ्या थापायची, त्याचं तिला कुणी काही दिलं नाही. प्रेमाताई पुरव यांनी १९७५मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते अशाच खाणावळवाल्यांना एकत्र आणून. त्यांना बँकेचं कर्ज मिळावं म्हणून आधी त्यांचं काम हे काम आहे, हेच लोकांना पटवून द्यावं लागलं. म्हणजे पगार मिळतो तेवढंच काम, हा हिशेब आपल्याच घरात कधी जुळत नव्हता. मी पगाराच्या विरोधात नाही. शिक्षण संपलं की नोकरी करणारच आहे, आणि पगारासाठी भांडेनही. मला आयुष्यातले तीन-चार महिने असं काम करायचंय ज्याची किंमत स्लिपवर छापून येत नाही. सकाळी उठायचं कारण समोर उभं असेल, त्याला भूक लागलेली असेल, आणि मी वेळेवर पोचले नाही तर ते पाय आपटेल. बाबा कॉलेजात असताना सोमनाथला बाबा आमट्यांच्या श्रमसंस्कार छावणीत गेले होते. उन्हात कुदळ चालवून हाताला फोड आले, त्याचा पगार मिळाला नाही. तेव्हा तुम्हीच त्यांना स्टेशनवर सोडायला गेला होतात ना?

काका : गेलो होतो, आणि आजही कुणी सोमनाथला निघालं तर जाईन. पण तिथे मातीचा बांध घातला की पाणी कुणाच्या शेतात मुरायचं ते बघ. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या, घरच्यांनी टाकलेल्या माणसांच्या शेतात. त्यातून कुणी मालक गब्बर होत नव्हता. तू जिथे जाणार ती रँच कुणाची? पर्यटकांकडून तासाला पैसे घेऊन घोड्यावर फिरवणाऱ्या धंद्याची असेल, तर तू श्रमदान करत नाहीस. मालकाच्या पगारपत्रकातलं एक नाव वाचवतेस. हे माझ्या एकट्याच्या डोक्यातलं खूळ नाही. ऑस्ट्रेलियात वर्किंग हॉलिडे व्हिसावर गेलेल्या बहुतेक पोरांना दुसरं वर्ष मिळवायचं असेल तर तीन महिने ग्रामीण भागात काम करावं लागतं. पूर्वी त्यात राहण्या-जेवणावरचं काम चालायचं. पोरांची पिळवणूक व्हायला लागली, म्हणून डिसेंबर २०१५पासून तिथल्या सरकारनं ते बंद केलं. आता पगाराचा पुरावा लागतो. आइसलँडच्या कामगार महासंघाचंही म्हणणं स्वच्छ आहे की, नफ्यावर चालणाऱ्या धंद्यात बिनपगारी स्वयंसेवक घेणं म्हणजे वेतनकरार मोडणं. न्यूझीलंडमध्ये खोली आणि जेवण हाही कामाचा मोबदलाच धरतात, पर्यटक व्हिसावर असं काम करता येत नाही. तू विमानतळावरच्या अधिकाऱ्याला काय सांगणार? फिरायला आले? खोटं बोलून सुरू झालेलं काम पुढे किती सरळ जाणार?

पुतणी : खोटं बोलून जाणार नाही, त्याबद्दल निश्चिंत राहा. ब्रिटनच्या पर्यटक व्हिसावर नोंदणीकृत धर्मादाय संस्थेत फार तर ३० दिवस स्वयंसेवा करता येते. तिथे म्हाताऱ्या, टाकून दिलेल्या घोड्यांना सांभाळणाऱ्या अशा संस्था आहेत. ऑस्ट्रेलियानं २०२४पासून भारतीयांसाठी वर्क अँड हॉलिडे व्हिसा सुरू केला आहे. वयाची अट १८ ते ३०, वर्षाला १,००० जागा, सोडतीत नाव लागलं तर. तिथे पगारी कामही करता येईल. कायद्याचा रस्ता अरुंद आहे, पण आहे, आणि मी त्याच रस्त्यानं जाईन. पण तुम्ही पिळवणुकीची गोष्ट सांगून सगळ्यालाच धंदा ठरवता, ते मला पटत नाही. १९७१मध्ये लंडनमधल्या सू कोपर्ड नावाच्या एका सेक्रेटरीला वाटलं की, आपल्याला शनिवार-रविवार शेतात काम करायला मिळालं पाहिजे. शेत तिचं नव्हतं, गावात घर नव्हतं. ससेक्समधल्या एका शेतावर चार जणांनी पहिला शनिवार-रविवार काम केलं, आणि त्यातून वूफ ही चळवळ उभी राहिली, आज ती जगभर पसरली आहे. मला ती बाई फार जवळची वाटते. परळच्या दहा बाय बाराच्या खोलीतून निघून तिसाव्या मजल्यावर गेलेल्या माणसांना जमीन कुठे भेटणार? आमच्या पिढीला मामाचं गाव उरलेलं नाही. जमिनीवर, जनावराजवळ राबायचं असेल तर कुणाच्या तरी दारात जाऊन ‘मला येऊ द्या’ असं म्हणावंच लागतं.

काका : मग ते दार इथे का नाही ठोठावत? या शहराचा घोडा काय होता ते तुला सांगतो, कारण तुमच्या पिढीला मुंबईत घोडा म्हटलं की लग्नाची वरात आणि चौपाटी एवढंच आठवतं. १८७४मध्ये मुंबईत ट्राम सुरू झाली ती घोड्यांची. ज्या कंपनीनं ती चालवली तिच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. विजेची ट्राम आली १९०७मध्ये. तोवर या रस्त्यांवरून माणसं वाहून नेली ती घोड्यांनी. त्याच १८७४मध्ये प्राण्यांवरची क्रूरता रोखण्यासाठी मुंबईत संस्था निघाली, आणि पुढच्या दशकात दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावाचं जनावरांचं इस्पितळ उभं राहिलं. १८८६मध्ये तिथेच पशुवैद्यकीय महाविद्यालय. दोन पावलांवर हाफकिन संस्था. नाग, मण्यार, घोणस, फुरसं यांचं विष घोड्याला थोडं थोडं टोचत नेतात, त्याच्या रक्तात प्रतिविष तयार होतं, आणि कोकणातल्या भातखाचरात साप चावलेली बाई त्या रक्तावर जगते. इतका घोडा परळच्या मातीत मुरलेला आहे. पशुवैद्य म्हणून माझं सगळं आयुष्य त्या इस्पितळाच्या आणि तबेल्यांच्या आवारात गेलं. घोड्यांची सेवाच करायची तर पंधरा मिनिटांवर आहे. त्यासाठी समुद्र ओलांडायचं कारण काय?

पुतणी : कारण इथे मला कुणी लीद उचलू देत नाही. खरंच सांगते. शहरातल्या एका रायडिंगच्या वर्गाला मी जाऊन बघितलं. पैसे भरले की घोडा खोगीर घालून, तंग आवळून तयार मिळतो. तासभर बसा, उतरा, लगाम मोतद्दाराच्या हातात द्या. मी विचारलं, मला खरारा करायला शिकवाल? मोतद्दार ओशाळला, वर्गाचे साहेब हसले, म्हणाले, मॅडम, त्यासाठी माणसं आहेत. माथेरानला गेले. तिथे मोटारी चालत नाहीत, दस्तुरी नाक्यापासून पुढे माणसं आणि सामान घोड्यांवरूनही जातं, म्हणून वाटलं, इथे जमेल. एका घोडेवाल्याच्या घरी राहिले. माणसं देवासारखी. त्यांनी मला खूर साफ करायला शिकवलं. घोड्याच्या खांद्याला खांदा लावून उभं राहायचं, हात पायावरून खाली घसरवत न्यायचा, मग तो आपणहून पाय उचलून देतो. खूर गुडघ्यांत धरायचा आणि टाचेकडून पुढे आकडा ओढायचा. लाल माती, खडे, चिकटलेली लीद निघाली की खाली मऊ रबरासारखा त्रिकोणी भाग दिसतो, त्याला आकडा लागू द्यायचा नाही. वास घ्यायचा, कुजका वास आला तर खूर ओलाव्यानं सडतोय. त्या माणसाला कुठली पदवी नाही, आणि इतकं नेमकं मला आजवर कुणी काही शिकवलं नव्हतं. पण सकाळी मी फावडं उचललं की त्याची आई धावत यायची. पोरी, तू पाव्हणी, शिकलेली पोर, हे काय करतेस, लोक आम्हाला नावं ठेवतील. माझ्या हातातून ते फावडं तिनं रोज काढून घेतलं. इथे मी गिऱ्हाईक होऊ शकते किंवा पाहुणी. कामाला मला कुणी घेत नाही. ज्या रँचबद्दल मी बोलतेय तिथे मालकीणच सकाळी बूट घालून तबेल्यात उतरते. तिच्या बाजूला उभं राहून मी तेच काम केलं तर तिला ओशाळल्यासारखं होणार नाही आणि मलाही.

काका : हे तू बोललीस ते मला नाकारता येणार नाही. आपल्याकडे घोड्यावर बसणारा एक आणि घोडा राखणारा दुसरा, ही फाळणी फार जुनी. सरदाराच्या पागेत होती, रेसकोर्सवर आहे. मोतद्दाराचा मुलगा मोतद्दार होतो, आणि त्याचं नाव शर्यतीच्या पुस्तकात कुठेच नसतं. पण म्हणून मला एक रात्र सांगू दे. भायखळ्याकडच्या एका तबेल्यात मला दोनच्या सुमाराला बोलावलं होतं. घोडा सारखा मान वळवून आपल्या कुशीकडे बघत होता, पुढच्या पायानं जमीन खरवडत होता. पोटशूळ. घोड्याला ओकता येत नाही, पोटात अडकलं की ते बाहेर यायला वाट नसते, म्हणून साधा पोटशूळही त्याचा जीव घेऊ शकतो. मी कुशीला कान लावला. आतडी चालू असली की गुरगुर ऐकू येते, तिथे जवळजवळ काही नव्हतं. हिरड्या बघितल्या, नाकातून नळी घालून लिक्विड पॅराफिन दिलं, आणि पहाटेपर्यंत त्याला लोळू न देता फिरवत राहिलो. फिरवत होता तो मोतद्दार, मी नुसता बरोबर चालत होतो. घोडा वाचला. पण तो वाचवला कुणी? मोतद्दारानं मला काय सांगितलं माहीत आहे? साहेब, दुपारपासून लीद कमी आहे, दोनदाच टाकली, आणि गोळे सुके आहेत. चंदी अर्धी सोडली त्याच्या आधी त्याला लीद बघून कळलं होतं. तो त्या घोड्याची लीद सात वर्षं उचलत होता. काल काय होती, परवा काय होती, हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. तू तीन-चार महिने राहशील. तुझ्यानंतर जर्मनीची एक मुलगी येईल, तिच्यानंतर ब्राझीलचा एक मुलगा. प्रत्येकाला घोडा नवा आणि घोड्याला प्रत्येक हात नवा. तुमच्यातल्या कुणाला कळणार आहे की, आज लीद कमी आहे?

पुतणी : काका, याच ज्ञानासाठी मी निघाले आहे, आणि तुम्ही ते मला परावृत्त करायला सांगताय! तुम्ही आत्ता सांगितलंत त्याआधी लीद उचलणं मला कष्टाचं वाटत होतं, आता ते वाचन वाटतंय. सात वर्षांचं ज्ञान तीन महिन्यांत येणार नाही, मान्य. पण सात वर्षांचा पहिला दिवसही असतोच. त्या मोतद्दाराच्या हातात पहिल्या दिवशी फावडं कुणीतरी दिलं होतं. आणि घोड्याचा प्रश्न म्हणाल तर, बदलणारे हात वाईट की हातच नसणं वाईट? शर्यतीचा घोडा पाच-सहा वर्षांचा झाला की बहुधा त्याची कारकीर्द संपते, आयुष्य मात्र पंचवीस वर्षांपर्यंत जातं. उरलेली वीस वर्षं त्याला कोण सांभाळणार? साडेचारशे किलोच्या घोड्याला रोज सात-आठ किलो सुका चारा, उन्हाळ्यात चाळीस-चाळीस लिटर पाणी, दर सहा-आठ आठवड्यांनी नालबंद. जे घोडे आता काही कमवत नाहीत त्यांच्यासाठी पगारी माणसं ठेवायला पैसा येणार कुठून? व्हिक्टोरियांचं काय झालं आठवा. ८ जून २०१५ला उच्च न्यायालयानं मुंबईतल्या हौशी फेऱ्यांच्या घोडागाड्या बेकायदा ठरवल्या. घोड्यांचे हाल होत होते हे खरंच होतं, निकाल योग्य होता असंच मी म्हणेन. पण गाडी थांबल्यावर घोडा थांबत नाही, त्याला दुसऱ्या दिवशीही चंदी लागते. कमाई बंद झालेल्या घोड्याला ज्या शहरात रोज सकाळी चार-पाच तास देणारी माणसं नाहीत, तिथे त्याच्यावरच्या दयेचं काय करायचं?

काका : व्हिक्टोरियाचं तू काढलंस ते बरं झालं, कारण माझं मन तिथे अजून अडकलेलं आहे. ते घोडे मी तपासले आहेत. डांबरावर, काँक्रीटवर दिवसभर धावून खुरांना तडे, सांध्यांना सूज, भर उन्हात पाणी नाही. त्या गाड्या बंद व्हायलाच हव्या होत्या. पण निकालात घोड्यांबरोबर गाडीवाल्यांच्या पुनर्वसनाचंही बोललं होतं, आणि गावभर चर्चा घोड्यांचीच झाली. माणूस आणि घोडा एकाच खोगिराखाली घासले जात होते. एकाचे फोटो छापून आले, दुसऱ्याला लोक क्रूर म्हणून मोकळे झाले. तुझ्या या स्वयंसेवेबद्दल मला तीच भीती आहे. तू घोड्यावर जीव लावशील, परत येऊन फोटो दाखवशील, आणि त्या फोटोत पगारी माणूस नसेल. तुझं काम आणि मोतद्दाराचं काम दिसायला एकच, फावडंही तेच. फरक एवढाच की तुला उद्या सोडून जाता येतं. कंबर धरली, मालकीण खेकसली, पावसात तबेला गळायला लागला, की तू बॅग भरून स्टेशन गाठशील, आणि त्यात काही गैर नाही. त्याला जाता येत नाही. ज्या कामातून हवं तेव्हा निघता येतं, त्या कामाबद्दल ‘मी ते केलं आहे’ असं म्हणायचा अधिकार माणसाला किती, हे तू मला सांग.

पुतणी : तुम्ही विचारताय ते मलाही टोचतं. पण याचं उत्तर ‘मग करूच नकोस’ असं कसं असेल? निघून जाता येणं हा दोष नाही, सगळ्यांनाच ते जमायला हवं. तुमच्या संपाची मागणी शेवटी तीच होती, काम नाकारता येण्याएवढी ताकद कामगाराच्या हातात असावी. मला ती ताकद आहे म्हणून मी काम टाळावं, आणि ज्याला नाही त्यानंच ते करत राहावं, हे तुमच्या तोंडी शोभत नाही. मी ‘मोतद्दाराचं आयुष्य जगले’ असं म्हणणार नाही. एवढंच म्हणेन की, त्याच्या हाताला काय माहीत असतं ते मला थोडं कळलं. परत आल्यावर कुठल्याही तबेल्यात शिरले तर मी आधी घोड्याकडे बघणार नाही, राखणाऱ्याकडे बघेन. आणि बाईच्या बाजूनं एक गोष्ट सांगते, ती तुमच्या हिशेबात येत नाही. इथे माझ्या अंगातली ताकद कुणाला लागत नाही. जिममध्ये वजनं उचलते, ती पुन्हा जागेवर ठेवते. गवताची गासडी पाठीवरून नेली, पाचशे किलोच्या जनावरानं माझ्या शब्दावर एक पाऊल मागे घेतलं, यातून मुलीला जे मिळतं ते मला या शहरानं दिलेलं नाही. घोडा बाई-पुरुष बघत नाही. हात थरथरतोय की नाही एवढंच त्याला कळतं.

काका : तुला भीती वाटत नाही याचं मला कौतुक आहे, पण थोडी वाटू दे. घोड्याला अगदी मागचं दिसत नाही. बोलत बोलत, त्याला आपला आवाज देत जायचं. धनुर्वाताची सुई घेतल्याशिवाय तबेल्यात पाऊल टाकू नकोस. विम्याचा कागद शेवटच्या ओळीपर्यंत वाच. घोडेस्वारी आणि अंगमेहनतीचं काम प्रवासविम्यातून बरेचदा वगळलेलं असतं, आणि लाथ बसून मांडीचं हाड मोडलं तर तिथल्या इस्पितळाचं बिल आपलं घर विकूनही भागणार नाही. हे झालं काळजीचं. आता मूळ मुद्दा. तुझं ऐकून माझा आक्षेप थोडा सरकला आहे, गेलेला नाही. बिनपगारी काम वाईट, असं मी आता म्हणणार नाही. आजीचं नाव घेऊन तू माझं तोंड बंद केलंस. माझं म्हणणं आता एवढंच आहे की, बिनपगारी कामाचा फायदा कुठे जाऊन थांबतो ते आधी शोध. घोड्याच्या पोटात थांबत असेल तर जा. मालकाच्या खिशात थांबत असेल तर जाऊ नकोस. जिथे काल पगारी माणूस होता आणि आज स्वयंसेवक आहे, तिथे तर मुळीच नको.

पुतणी : कसोटी चांगली आहे, पण एवढी स्वच्छ जागा सापडेल का? एक उदाहरण घ्या. म्हातारं जोडपं आहे, वीस-पंचवीस घोडे आहेत. त्यातले निम्मे थकलेले, निम्म्यांवर उन्हाळ्यात पर्यटक बसतात. त्या पैशातून थंडीतला चारा येतो. पगारी माणूस ठेवायला त्यांना परवडत नाही, मुलं शहरात गेली. मी तिथे चार तास काम केलं तर फायदा कुठे थांबतो? थोडा घोड्याच्या पोटात, थोडा जोडप्याच्या घरात, थोडा माझ्यात. तीन वाटे मला वेगळे काढता येणार नाहीत, तुम्हालाही येणार नाहीत. कोकणात भात लावणीला शेजारचं घर आपल्याकडे येतं आणि मग आपण त्यांच्याकडे जातो, तिथे कोण कुणाचा मालक?

काका : तिथे परतफेड आहे. आज तू माझ्या खाचरात, उद्या मी तुझ्या. ते जोडपं तुझ्या खाचरात कधी येणार आहे? परळला येऊन ते तुझं काय करणार? परतफेड नसेल तर तिथे मजुरी तरी हवी किंवा दान तरी हवं, आणि दान म्हणायचं तर देणारा आणि घेणारा दोघांनाही ते दान आहे हे माहीत पाहिजे. हे जोडपं त्याला ‘स्वयंसेवक कार्यक्रम’ म्हणत असेल आणि तू ‘प्रवास’ म्हणत असशील, तर दोघांचाही हिशेब वेगवेगळ्या वहीत लिहिला जातोय. भांडण तिथेच सुरू होतं. पहिल्या आठवड्यात नाही होणार. चौथ्या आठवड्यात, सुट्टीच्या दिवशी मालकीण दार वाजवून म्हणेल, जरा येतेस का, एक घोडा सुटलाय. तू जाशील. मग पुढच्या रविवारीही.

पुतणी : जाईन, कारण घोडा सुटलेला असेल. रविवार असला तरी तो सुटलेलाच असणार. आणि परतफेडीचं म्हणाल तर, मला शिकवण्यात तिचा जो वेळ जाईल तो कुठे लिहायचा? पहिले दोन आठवडे मी उपयोगापेक्षा अडचणच जास्त असेन. गेट उघडं टाकेन, पाण्याची बादली लवंडेन, तंग सैल ठेवेन. ती माझ्या मागे फिरून सगळं पुन्हा करेल. पण तुम्ही म्हणता ते खरं आहे की, हे आधी बोललं गेलं पाहिजे. तास किती, सुट्टी कोणत्या दिवशी, सुटलेल्या घोड्याचा रविवार कुठून भरून निघणार, हे मी पत्रात लिहून घेईन. त्यावर ‘आमच्याकडे सगळे घरच्यासारखे असतात’ असं उत्तर आलं, तर ती जागा मी सोडून देईन. घरच्यासारखं म्हणजे काय ते आजीनं आयुष्यभर भोगलंय.

काका : हे लिहून घेशील तर माझी निम्मी काळजी गेली. उरलेल्या निम्म्यासाठी एक प्रश्न पत्रात सगळ्यात वर घाल. तुमच्याकडे पगारावर कोण काम करतं, आणि त्याला आठवड्याला किती सुट्ट्या आहेत? उत्तर कसं येतं ते बघ. ज्या मालकाला आपल्या पगारी माणसाची सुट्टी चटकन सांगता येते, त्याच्या तबेल्यात घोडेही बरे असतात, हा माझा इतक्या वर्षांचा अनुभव आहे.

पुतणी : घालते सगळ्यात वर. उत्तरच आलं नाही तर जाणार नाही. पगारी माणूस आहे आणि त्याला सुट्टी आहे, असं आलं तर त्याच्या हाताखाली मला ठेवा, असं लिहीन. आणि ‘आमच्याकडे पगारी कुणीच नाही, आम्ही दोघं आणि घोडे’ असं आलं, तर काका, तुमच्या कसोटीत ते बसत नसलं तरी मी जाईन.

काका : तिथेच आपलं जमत नाही. पत्र मात्र मला दाखवूनच पाठव.